मावसाजींची चालती नाव

आमच्या मावसाजींइतका पाण्यासाठी तळमळणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा निघणार नाही. तसे आमच्याकडे पाण्यासाठी तळमळणारे घरोघरी आहेत. पण त्यांना पाणी हवं असतं ते प्यायला, नाहीतर कपाशीच्या पराटीला द्यायला. मावसाजींना पाणी हवं असतं ते त्यावरून कुठेतरी जाण्यासाठी. आणि माणूस राहतो कुठे, तर वरवट बकालला. तिथून समुद्र इतका लांब की, गावातल्या निम्म्या लोकांनी तो फक्त कॅलेंडरवर पाहिलेला.

मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. तरुणपणी फिटरचं काम शिकून ते मुंबईला गेले आणि तिथून थेट मालवाहू जहाजावर. उभी हयात त्यांनी इंजिनखोलीत काढली. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा शरीर तेवढं घरी आलं, बाकीचा माणूस वाटेतच कुठेतरी राहिला असावा, असं मावशी म्हणते. आजही ते पाय फाकवून चालतात, जणू वरवटची जमीन केव्हाही कलंडणार आहे. चहाचा ग्लास टेकवतानाही त्यावरचा हात लवकर सोडत नाहीत. स्वयंपाकघराला गॅली म्हणतात, डाव्या हाताला पोर्ट म्हणतात. एकदा गावच्या ऑटोवाल्याला त्यांनी "पोर्टले घे" म्हणून सांगितलं आणि त्या भल्या माणसाने कोणत्या तरी पोराटेच्या घरासमोर नेऊन उभं केलं. मावशीने त्या दिवसापासून ऑटोत पुढचं बोलणं स्वतःकडे घेतलं आहे.

झोपेचं तर विचारूच नका. इंजिनाच्या घरघरीत ज्याची रात्र गेली त्याला आमच्या गावची शांतता सोसत नाही. म्हणून भर पौषात, शेकोट्या पेटलेल्या असताना, मावसाजींच्या उशाशी कूलर चालू असतो. पाणी न घालता, नुसत्या आवाजापुरता. मावशी पलीकडच्या खोलीत दोन गोधड्या घेऊन झोपते आणि सकाळी शेजारणीला सांगते, की आमच्या घरी उन्हाळा बारमाही असतो. पिठाच्या गिरणीत दळण आणायला गेले, तर पीठ डब्यात पडून थंड झालं तरी मावसाजी तिथेच उभे, डोळे मिटून, मान एका अंगाला कलती करून. गिरणीवाला आधी त्यांना भाविक समजायचा. मग एकदा डोळे न उघडताच ते म्हणाले, "बेअरिंग रडून राह्यली." दुसऱ्या दिवशी गिरणी बंद पडली. तेव्हापासून गिरणीवाला त्यांना बघून भितो. यांनी आणखी काही ऐकू नये म्हणून ते लांबून दिसताच पट्टा थांबवतो.

मी खामगावला राहतो आणि रविवारी सवड मिळाली की त्यांच्याकडे जातो. अशाच एका रविवारी, ओट्यावर शेंगा खात बसलो असताना, मी सहज विचारलं होतं की इतके देश पाहिले, आता काही पाहायचं राहिलं का. मला वाटलं होतं, ते काशी म्हणतील. त्यांनी हातातली टरफलं चुरगाळली. मग म्हणाले, "आपलं जहाज चालतानी कसं दिसते, थे मी कधी पाह्यलंच नाही, बाबू."

मी हसलो, मग लक्षात आलं की खरंच आहे. बंदरात उभं असलेलं जहाज त्यांनी हजारदा पाहिलं होतं. पण ते निघालं की हे त्याच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, तेलात बरबटलेले. ज्याला यांनी आयुष्यभर चालवलं ते चालताना कसं दिसतं, हे काठावरच्या कुणाही रिकामटेकड्याला ठाऊक होतं, यांना नव्हतं. आणि आता पाहायचं म्हटलं तर ते जहाज केव्हाच भंगारात तुटून गेलं होतं.

हे असंच मनात राहून गेलं असतं, पण सोनाळ्याला एका नात्यातल्या लग्नात नवरदेवाच्या डोक्यावरून ड्रोन उडाला. सगळा मांडव घोड्याकडे बघत होता, मावसाजी वर. पुढचा सगळा दिवस ते त्या ड्रोनवाल्याच्या मागे मागे. तो बसला की हे बसत, तो पाणी प्यायला गेला की हेही. मंगलाष्टकं झाली तेव्हा मावसाजींच्या मुठीतल्या अक्षता पडल्या त्या वधूवरांवर नव्हे, तर ड्रोनवाल्याच्या डोक्यावर. परतताना त्यांनी मावशीला एवढंच सांगितलं, की त्या यंत्रातून चालती गाडीसुद्धा वरून, मागून, बाजूने, हवी तशी दिसते. मावशीने तिथेच कपाळाला हात लावला. महिन्याभरात पुण्याच्या लेकीने वडिलांच्या हट्टापुढे हात टेकले आणि तळहाताएवढा एक ड्रोन कुरिअरने वरवटला आला.

जहाज तर गेलं, आता निदान एखादी नाव टिपायची. मावसाजींचं म्हणणं असं, की उभ्या नावेची फिल्म म्हणजे आधार कार्डावरचा फोटो. माणूस तोच, पण ओळखू येत नाही. नाव चालतानाच टिपायची. पण चालत्या वस्तूचा पाठलाग करण्याचा सराव हवा, म्हणून त्यांनी गावात चालणारं एकही वाहन सोडलं नाही. शेगावची एसटी टिपली, उसाच्या रसाची गाडी टिपली. एका शेजाऱ्याची बैलगाडी टिपायला गेले तर डोक्यावर भुणभुण ऐकून बैल बंडीसकट तुरीत शिरले. शेजारी रागावून आला आणि मावसाजींनी त्याला पडद्यावर स्वतःचीच बंडी वरून पळताना दाखवली. तो तीनदा पाहून, चहा पिऊन गेला. गावातल्या कावळ्यांनी मात्र हे प्रकरण मनाला लावून घेतलं. मावसाजी नुसते पिशवी घेऊन निघाले तरी लिंबावर सभा भरायची.

नाव कुठली टिपायची, हा प्रश्न होता. शेवटी मोताळ्याकडच्या धरणावर मासे धरणारे रहीमभाई भेटले. त्यांच्याकडे मागे मोटर बसवलेली लांबट नाव होती. रीतसर विचारणा करून, पोलिसांना सांगून, आम्ही दोघं हिवाळ्यातल्या एका सकाळी तिकडे गेलो. धरण तुडुंब होतं. नावेत पाऊल ठेवल्याबरोबर मावसाजींची चाल एकदम नीट झाली. ज्या माणसाला मी जन्मभर फेंगडा समजत होतो तो त्या हलत्या फळीवर सरळ, ताठ उभा राहिला. मी नाव धरून बसलो.

नाव धरणाच्या मध्यावर आल्यावर त्यांनी चालत्या नावेतूनच ड्रोन सोडला. काय दिसत होतं पडद्यावर! निळंकरडं पाणी, त्यात लवंगेएवढे आम्ही आणि मागे उलगडत जाणारी पांढरी रेघ. मावसाजी नाकाने मोठमोठे श्वास घेत होते. त्या नादात बॅटरी संपत आली ते कळलंच नाही. ड्रोन शहाणा होता. बॅटरी संपायला आली की जिथून उडालो तिथे परत जायचं, हे त्याला शिकवलेलं. तो वळला, आम्हाला ओलांडून मागे गेला, जिथून त्याला सोडलं होतं त्या जागेवर थांबला आणि दिवे मिचकावत अगदी अलगद पाण्यावर उतरला. आम्ही तोवर पुष्कळ पुढे आलो होतो. रहीमभाईंनी नाव वळवली, पण तिथे नुसतं पाणी.

रहीमभाईंना वाईट वाटलं. ते हळूच म्हणाले, "थो तं बराबर आला होता, चाचा. आपुनच निघून गेलतो."

घरी येऊन मी मावशीला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, सोलता सोलता, मान वर न करता मावसाजींना म्हणाली, "तुमी सुट्टीवर येत तवा असंच होये. पोरगी पाळण्यात सोडून जात, अन् येऊन पाळण्यातच पाहात. थे तं शाळेत गेली राहे."

मावसाजी उठून अंगणात गेले. नळ नसतानाही बराच वेळ हात धुतल्यासारखे करत उभे होते.

वर्षभराने दुसरा ड्रोन आला. आता मावसाजींनी ड्रोन हातात झेलायचा सराव सुरू केला. गच्चीवर गोधडी अंथरून, डोक्याला उपरणं बांधून, आभाळाकडे हात पसरून ते उभे राहायचे, तेव्हा लांबून पाहणाऱ्याला काही नवस चालू आहे असं वाटे. पण अडचण वेगळीच निघाली. जुनी फिल्म फोनमध्ये थोडी उतरली होती, ती पाहून त्यांचं म्हणणं पडलं, की नावेत माणूस हवा. रहीमभाई मोटरीवर वाकलेले, ते जमेस धरता येत नाहीत. पुढे कोणीतरी बसलेलं हवं, कुठेतरी निघालेलं. मी स्वतःचं नाव सुचवलं. त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, की तू काठावर माझ्या डोक्यावर छत्री धर, उन्हात पडदा दिसत नाही.

राहिली मावशी. मावशी जन्मात नावेत बसलेली नव्हती. नवऱ्याचं जहाज पाहायलाही ती कधी मुंबईला गेली नाही. सासू आजारी, लेक लहान, शेतात कापूस, काही ना काही असायचंच. पाण्याची तिला मनस्वी भीती. ती नाही म्हणणार, यावर मी पैज लावायला तयार होतो. तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाकरी किती जनाच्या करू?"

त्या दिवशी ती जांभळं लुगडं नेसून आली होती. रहीमभाईंनी त्यावर केशरी लाइफ जॅकेट चढवलं. बायकोचं ते रूप पाहून मावसाजी हसले. ती हसली नाही. रहीमभाईंचा हात धरून नावेत चढली, पुढच्या फळीवर बसली आणि दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. नाव निघाली.

सुरुवातीला मावसाजी खुशीत होते. ड्रोन नावेच्या बाजूने, मग वरून, मग मागून, असा त्यांनी झकास फिरवला. मी छत्री धरून पडद्यात डोकावत होतो. केशरी ठिपका, त्याच्या मागे रहीमभाई, मागे ती रेघ. नाव लांब जाऊ लागली तशी मावसाजींची बोटं मंदावली. त्यांना वाटत होतं, आता मावशी वळून पाहील. मलाही वाटत होतं. निदान हात हलवेल. मावशी समोर बघत ताठ बसली होती.

"मांगं काऊन नाही पाह्यत बे हे?" ते म्हणाले.

मी म्हटलं, घाबरली असेल.  ड्रोन एका जागी थांबला होता आणि पडद्यातून नाव लहान होत चालली होती. काठावरून नुसत्या डोळ्यांनी तर ती काडीएवढी दिसत होती. मावसाजींनी यंत्रावरचे अंगठे काढून घेतले.

"थे जाऊन राह्यली," ते म्हणाले, "अन् मले कराले काहीच नाही."

नाव परत आली तेव्हा मावशीचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि ती एखाद्या मुलीसारखी दिसत होती. बगळे पाहिले, बुडालेल्या बाभळीचा शेंडा पाहिला, पाण्यावर वारा वेगळा लागतो, असं ती मला सांगत राहिली. बाभळीखाली शिदोरी सोडली. ठेचा वाढता वाढता तिच्या लक्षात आलं, की नवऱ्याने भाकरीला हात लावलेला नाही.

मावसाजींनी विचारलं, की मागे वळून का पाहिलं नाही.

"तुमी कवा पाह्यलं?" मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता, विचारायचं राहून गेलेलं विचारावं तसा होता. "शेगावच्या ठेसनात गाडी हाले, मी पोरीले कडेवर घेऊन उभी राहो. तुमी पेटी सरकवत राह्यत. डबा निघून जाये तरी पेटीच सरकवत."

मावसाजींनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. रहीमभाई उठून मोटर पुसायला गेले. मीही उठायला हवं होतं, पण छत्री हातात होती आणि कुठे जावं ते सुचेना.

"भेव लागे," मावसाजी म्हणाले. "पाह्यलं असतं तं उतरलो असतो."

मावशीने त्यांच्या पानात आणखी थोडं पिठलं वाढलं. "मंग उतराचं असतं," ती म्हणाली आणि मला पाणी आणायला पाठवलं.

बंडीची, एसटीची, बुडालेल्या ड्रोनची फिल्म मावसाजी येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवतात. ही फिल्म त्यांनी कुणाला दाखवलेली नाही. मी एकदा मागितली तर बॅटरी उतरली म्हणाले. पडद्यावर ती भरलेली मला दिसत होती.

या हिवाळ्यात त्यांचा फोन आला, की धरणावर जायचं आहे, तू ये. मी छत्री घेऊन गेलो. काठावर पोचल्यावर त्यांनी ड्रोनची पिशवी माझ्या हातात दिली आणि चपला काढल्या. मग आधी स्वतः नावेत उतरून मावशीला हात दिला. मी विचारलं, मग आज फिल्म कोण काढणार. मावसाजी मावशीच्या जॅकेटचे पट्टे बांधत होते. मावशीच म्हणाली, "कोनीच नाही, बाप्पा. तू बस सावलीत."

रहीमभाईंनी मोटर सुरू केली. मावसाजींनी सवयीने कान दिला, काहीतरी बोलले, रहीमभाई हसले. मग नवराबायको दोघं पुढच्या फळीवर शेजारी शेजारी बसली, आणि नाव काठापासून सुटली. मोटरीचा आवाज पाण्यावरून बराच वेळ येत राहिला, नंतर तोही येईना. मी पिशवी मांडीवर घेऊन बाभळीखाली बसलो. ऊन चढत होतं. नाव आता इतकी लांब गेली होती, की ती अजून पुढेच चालली आहे की परत वळली आहे, ते इथून कळत नव्हतं.