डावऱ्या दगडाला मोटर

माझा खांदा गेला तेव्हा घरात मी आणि दोन मुली. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. देवळाच्या वाटेवरच्या कॉफी हॉटेलला इडलीचं पीठ वाटून द्यायचं, रोज एक मोठं भांडं, त्यावर आमचं चालायचं. मागच्या अंगणात आट्टुक्कल होता, म्हणजे जमिनीत बसवलेला दगडी रगडा. त्यातला गुंडा हातानं फिरवायचा. खांदा वर उचलेना तसं भांडं भरेना. हॉटेलवाला तोंडावर बोलला, "अम्मा, शनिवारपासून भरलं भांडं नाही आलं तर मी दुसरीकडं सांगतो."

माझे दीर ऑफिसात फायली बांधायचे. तेवढ्यावर त्यांना जगातलं सगळं कळायचं. कुठल्या छापखान्यानं टाकलेली मोटर घेऊन आले, बरोबर एक मेकॅनिक.

"वैनी, आता हात लावायचा नाही. बटन दाबायचं आणि मुरुक्कू खात बसायचं!"

दगडावर लोखंडी चौकट उभी केली, गुंडा वरनं अडकवला, मोटरीपासनं चामड्याचा पट्टा लावला. बटन दाबलं, घरातला दिवा गेला. तो आला. परत दाबलं, तर उडीद भिंतीवर. खाली दाणे तसेच अख्खे, आणि वर फेस चढून बाहेर सांडतोय. माझ्या धाकटीच्या केसात पीठ.

दोघं मोटरीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक उघडून बसले. मी विचारलं, "त्यात रगड्याचं काय लिहिलंय?"

"रगड्याचं कसं असेल, वैनी? हे छपाईच्या यंत्राचं."

"मग काय वाचताय?"

दुसऱ्या दिवशी नट आवळले. मेकॅनिकनं मोठं चाक लावून वेग उतरवला. तेवढं त्याला येत होतं, खोटं का बोलू. तरी पीठ वरच. मग म्हणाला उडीद जुना. दीर म्हणाले पाणी जास्त. तिसऱ्या दिवशी दोघांचं एकमत झालं, दगडच वाईट. त्या दगडावर माझी आठ वर्षं गेली होती. ह्यांनी तीन दिवसांत वाईट ठरवला. आणि मी? एका हातानं, दात खाऊन, अर्धं भांडं वाटत होते. उद्या शनिवार.

ते कॉफी प्यायला ओसरीवर गेले. मी रिकाम्या रगड्यात हात घातला. बोटं आतनं फिरवली तशी कळलं. मी डावरी. दगडाला टाकी लावणारा दर वर्षी यायचा, तो पहिल्यांदा विचारायचा, "अम्मा, कुठल्या हातानं?" आणि माझ्या फिरवण्याप्रमाणं तिरप्या खाचा मारायचा, पीठ खाली ओढलं जावं म्हणून. मोटर उलटी फिरत होती. खाचा पीठ वर ढकलत होत्या. त्या अडाणी पाथरवटाला जे विचारायचं सुचलं, ते ह्या दोन शहाण्यांना तीन दिवसांत सुचलं नाही. इतकं वाटताना कुणी माझ्या हाताकडं बघितलंच नव्हतं.

ओसरीवर जाऊन म्हटलं, "पट्ट्याला पीळ द्या. भाताच्या गिरणीत एक पट्टा आडवा जातो ना, मधे फुली पडते, तसा. चाक उलटं फिरेल."

दीर हसले. "वैनी आता इंजिनिअर झाल्या!"

मेकॅनिक मात्र हसला नाही. कप खाली ठेवून उठला आणि पट्टा काढून फुली घालून चढवला. बटन दाबलं. उडीद गपगुमान खाली जायला लागला.

शनिवारी हॉटेलवाल्यानं भरल्या भांड्यात बोट घातलं, चोळून बघितलं आणि उचलून नेलं. म्हणजे पास.

दीर आठ दिवस सगळ्या गल्लीला सांगत होते, पट्ट्याची युक्ती त्यांची. सांगू देत. पण मग एक दिवस ऑफिसातल्या साहेबाला घेऊन आले, त्याच्याकडं मुलीचं लग्न, चार दिवस मोटर पाहिजे म्हणे. पाना काढून चौकटीला हात घातला.

मी म्हटलं, "भावजी, पाना खाली ठेवा. साहेबाच्या बायकोला दोन हात असतील ना?"

साहेब आल्या पावली गेला. दीर पोंगलपर्यंत आमच्याकडं जेवायला आले नाहीत. तेवढं पीठ वाचलं.