कागद सोलायची वेळ

त्याचं खरं आडनाव कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला पंधरे म्हणत. सेफ्टी जॅकेटच्या पाठीवर अक्षरं चिकटवायची म्हणजे प्रेसचं तापलेलं झाकण पंधरा आकडे दाबून धरायचं, आणि हा गडी ते आकडे एकोणीस वर्षं ओठांतल्या ओठांत मोजत आला होता. पुढे घड्याळवाली प्रेस आली, तरी मोजणं सुटलं नाही. बायको म्हणायची, "ह्यांना जेवायला हाक मारली तरी पंधरा झाल्याशिवाय उठत नाहीत."

पण खरी मेख मोजण्यात नव्हती. झाकण उचललं की अक्षरांवरचा पारदर्शक कागद सोलून काढायचा असतो. फार गरम असताना ओढला तर अक्षरं त्याच्यासोबत उठून येतात. पार गार होऊ दिला तर कडा कागदालाच धरून बसतात. मधली एक वेळ असते, आणि ती घड्याळात सापडत नाही. पंखा चालू की बंद, कापड जाड की पातळ, त्यावर ती मागेपुढे सरकते. पंधरे मधलं बोट कागदावर टेकवायचा आणि त्याला कळायचं. कसं कळतं म्हणून कुणी विचारलंच तर म्हणायचा, "तुला खाज कुठं सुटली ते कसं कळतं?"

ते बोट मरून वर्ष होत आलं होतं.

सुरुवात पायांपासून झाली. एकदा पायातली चप्पल कधी निसटली ते समजलंच नाही आणि एका चपलेवर तो अर्धा बाजार हिंडून आला. लोक हसले, तोही हसला. मग शर्टाची बटणं हाताला लागेनात. बोटांवर कुणी गोधडी टाकल्यासारखं वाटे. दवाखान्यात तो गेला नाही. बापाचे पाय साखरेच्या आजारानं असेच गेले होते, तेव्हा डॉक्टर काय म्हणणार ते त्याला तोंडपाठ होतं. आणि एकदा ते कागदावर आलं की तापलेल्या प्रेसपाशी त्याला कोण उभा करणार होतं?

हे सगळ्यात आधी पकडलं ते वहिनींनी. थोरला भाऊ वारल्यावर पंधरेनंच त्यांना कामाला आणलं होतं. त्याच्या समोरच बसून त्या चिमट्यानं अक्षरांच्या आजूबाजूची फालतू पट्टी काढत. एकदा त्यांनी मान वर केली, तर दीर जॅकेटवर वाकून कागदाला ओठ लावतोय.

"भावजी, जॅकेटाचा मुका घेताय? जाऊबाईंना सांगू का?"

"वास बघत होतो."

"वास नाकानं घेतात."

वहिनी उठल्या, त्याचा हात ओढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तिकडं खिडकीकडं बघा." मग जरा वेळानं विचारलं, "टोचलं?"

"काय टोचलं?"

त्यानं वळून पाहिलं. चिमट्याचं टोक बोटात रुतलेलं होतं, रक्ताचा मणी वर आला होता. वहिनींनी तो आपल्या ओढणीनं पुसला. रडल्याबिडल्या नाहीत. खालच्या आवाजात म्हणाल्या, "मेलं, एवढं झालं तरी बोलला नाहीत."

त्या दिवसापासून नवी रीत सुरू झाली. झाकण उचललं की वहिनी धागा झटकायच्या निमित्तानं कागदावर बोट फिरवायच्या, आणि वेळ आली की खोकायच्या. खोकला आला की पंधरे कागद सोलायचा. पहिल्या आठवड्यात त्या चारदा चुकल्या. तो पुटपुटायचा, "लवकर खोकलात." पुढच्या आठवड्यात एकदाच चुकल्या. मग चुकल्याच नाहीत.

घोटाळा झाला तो बोगद्याच्या मालात. ती बोगद्यात सुरुंग लावणाऱ्यांची जॅकेटं होती, डोळ्यांत खुपणाऱ्या पोपटी रंगाची, पाठीवर वीतभर अक्षरांत 'सुरुंग पथक'. बोगद्याच्या अंधारात ती अक्षरं बघूनच बाकीचे मागं सरतात. वहिनी एक दिवस तापानं घरी राहिल्या आणि पंधरेनं एकट्यानं चाळीस जॅकेटं काढली. आठ दिवसांत ती परत आली. कुणाचं टिंब पडलेलं, कुणाचा उकार लोंबतोय, एकाच्या पाठीवर नुसतंच 'थक'.

मालकानं ते 'थक'वालं जॅकेट टेबलावर पसरलं. "पंधरे, हे तुझ्या हातचं?"

"प्रेस बिघडली असेल, मालक."

"प्रेस मी कालच तपासून घेतली. ठीक आहे. उद्या दहा जॅकेटं माझ्यासमोर काढ. तुझ्या हातालाच काही झालं असेल, तर मला दुसरा हात शोधायला हवा."

त्या रात्री घरी पंधरे चुलीपुढं बसला. चुलीवरच्या पातेल्याला तो पुन्हा पुन्हा बोट लावून बघत होता. बायको ओरडली, "अहो, भाजेल!" तेवढं भाजावं, एवढंच त्याला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मालक हाताची घडी घालून प्रेसपाशी उभा राहिला. पहिलं जॅकेट. झाकण, आकडे, झाकण वर, वहिनींचं बोट, खोकला. कागद सुळकन निघाला. दुसरं. तिसरं. मालकानं नखानं टिंब उकरून पाहिलं, हललं नाही. पाचव्या जॅकेटला वहिनी खोकल्या तसा मालक म्हणाला, "बाई, घसा फार धरलाय तुमचा. जा, जरा गरम पाणी पिऊन या."

"नको, मालक. बरं आहे."

"जा म्हणतो ना! थुंकी उडते मालावर."

वहिनी गेल्या. जाताना दोनदा मागं वळल्या.

सहावं जॅकेट. पंधरेनं झाकण उचललं आणि बोट टेकवलं. काहीच नाही. दगडावर दगड टेकवावा तसं. त्यानं मनात आकडे मोजायला घेतले, ते चुकले, पुन्हा घेतले. टिंबाची कड उठलीय का ते बघायला तो खाली वाकला आणि तोल सांभाळायला डावा हात कशावर तरी ठेवला.

"काही जळतंय का रे?" मालकानं हुंगत विचारलं.

पंधरेनं जॅकेटची पाठ पाहिली, चकाकता पट्टा पाहिला, चेन पाहिली. "कापड तर ठीक आहे, मालक."

"अरे, हात! हात काढ!"

उचललेल्या झाकणाच्या तापल्या कडेवर त्याची करंगळी आणि शेजारचं बोट टेकलेलं होतं. कातडी पांढरी पडून सुटली होती. मालकानं मनगट धरून हात खेचला. ओरडला मालकच, पंधरे नाही.

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं ओलं फडकं मागवून त्या हाताभोवती गुंडाळलं. मग म्हणाला, "आता तुला इथं उभा केला तर उद्या अख्खा हात जाईल आणि पाप माझ्या डोक्यावर बसेल. घड्या घालायला बस. प्रेसला बाहेरून माणूस आणतो."

वहिनी दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचा पेला. मालकाची नजर त्यांच्याकडे गेली. त्या खोकल्याचं काय गौडबंगाल होतं, ते त्याच्या ध्यानात येऊ लागलं होतं. "बाई, तुम्हाला येतं का हे?"

"मला नाही येत."

"एक काढून दाखवा."

वहिनींनी पेला ठेवला, जॅकेट लावलं, झाकण दाबलं, उचललं आणि कागद तसाच कढत असताना ओढला. टिंब कागदाबरोबर वर आलं, अर्धा 'प' लोंबू लागला. "बघा," त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं." दिराकडे त्यांनी बघितलं नाही.

मालकानं सुस्कारा टाकला आणि फोन काढला.

पंधरे भाजलेला हात ओल्या फडक्यात धरून उभा होता. फोनवर एक शब्द गेला की परका माणूस येणार होता. तो आपली चिमटेवाली सोबत आणणार, आणि मग घरातलं कुणीच या प्रेसपाशी उरणार नव्हतं.

"मालक," तो म्हणाला, "त्या मुद्दाम करतायत. त्यांना येतं. चोख येतं. सहा महिने त्यांच्याच बोटावर काम चाललंय, माझ्या नाही."

वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू चारचौघांत त्यानं थोबाडीत मारली. "भावजी, तुम्हाला अक्कल आहे का? तुमच्या जागेवर मी उभी राहू?"

"दुसरं जॅकेट लावा."

त्या जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी जॅकेट हिसकल्यासारखं उचललं, पसरलं, झाकण खाली आपटलं. झाकण वर गेलं. त्यांनी मधलं बोट कागदावर टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. पंधरे पुढं वाकला.

"जरा थांबा, अजून..."

"कळतंय मला," वहिनी म्हणाल्या, आणि कागद सोलला. एकही टिंब हललं नाही.