खालच्या उताराची रेंज

रोज सकाळी कॉफीचा कप हातात घेण्याआधी एलाडिओ मोबाइलच्या मनोऱ्याखाली जायचा आणि सौरपॅनेलवरचं दव सदऱ्याच्या बाहीनं पुसायचा. ओतिलियानं, त्याच्या बायकोनं, त्यासाठी वेगळं फडकं शिवून दिलं होतं. ते खुंटीवरच राहायचं.

“फडकं काय चर्चमध्ये वाहायला दिलंय?”

“बाहीला काच कळते गं.”

ओआहाका प्रांताच्या डोंगरातल्या त्या गावात कुठलीच कंपनी यायला तयार नव्हती, म्हणून गावानं स्वतःच मनोरा उभारला होता. त्याची राखण गावातल्या एकानं वर्षभर बिनपगारी करायची. या वर्षी ग्रामसभेनं ती एलाडिओच्या गळ्यात घातली होती.

नोव्हेंबरात धुकं बसलं ते उठेचना. पॅनेलला ऊन मिळेना, बॅटऱ्या संध्याकाळीच मान टाकू लागल्या. सभेत म्हातारी फिलेमोना काठी आपटत म्हणाली, “माझा पोरगा तिकडे सीमेपलीकडे उत्तरेत हॉटेलातली भांडी घासून सुटतो, तेव्हा मला फोन करतो. नेमकं तेव्हाच तुझं यंत्र झोपतं. धुक्यात त्याचेही माझ्यासारखे गुडघे धरतात का रे?”

सगळे हसले. एलाडिओनं सांगितलं, मनोऱ्याची ताकद कमी केली तर बॅटरी रात्र काढेल. पण रेंज दवाखाना आणि वस्तीपुरतीच राहील, खालचा उतार सुटेल.

“खाली आहे कोणाचं काय?” कोणीतरी विचारलं.

“माझी कॉफीची बाग. आणि मी तिथून फोन कोणाला लावणार? झाडांना?”

पुन्हा हशा झाला, हात वर गेले. ज्याच्याकडे गावाचं काम, त्यानं तोटा आधी आपल्या अंगावर घ्यायचा, ही तिथली रीतच. ओतिलियाचाही हात वर होता.

तोडणीच्या दिवसांत तो एकटाच खाली उतरायचा. एका गुरुवारी दुपारी धुकं फाटलं, लख्ख ऊन पडलं. बॅटरीवरचा दिवा हिरवा झाला. त्याच्या जागी ओतिलिया मनोऱ्याखाली उभी होती. ताकद वाढवायचं बटण तिला ठाऊक होतं. पण एका दिवसाच्या उन्हावर भरवसा ठेवू नये, साठू द्यावं, असं त्यानंच बजावलेलं. तिनं फडक्यानं पॅनेल पुसलं आणि घरी आली.

अंधार पडला तरी तो आला नाही. माणसं टॉर्च घेऊन खाली गेली. ओल्या दगडावरून घसरून तो घळीत पडला होता. मांडीतून रक्त वाहून गेलं होतं. हातातल्या फोनवर ओतिलियाचं नाव होतं, दुपारपासून पुन्हा पुन्हा लावलेलं.

“दुपारीच कळलं असतं तर...” म्हणून दवाखान्यातली नर्स थांबली.

फिलेमोनाच्या पोराचा फोन त्या रात्री स्वच्छ लागला.

मनोऱ्याचं काम ओतिलियानं सोडलं नाही. दव पुसायला ती त्याचा जुना सदरा नेते. जाताना काय म्हणाला होता, असं लोक हळूच विचारतात. काहीतरी मोठं ऐकायला मिळेल असं त्यांना वाटतं. पाठीला टोपली अडकवून, दारातून वळून तो एवढंच म्हणाला होता:

“घेवडा बुडाला लागतोय बघ. राहू दे, करपलेला मला ठेव.”