पालकाची सही

गिरजाताई सही करायची तेव्हा घरात कोणी मध्ये बोलायचं नाही, असा दंडक होता. आधी दौत सारखी करायची, मग टाक पुसायचा आणि मग ‘गिरजा सुखदेव तायडे’ असं अख्खं नाव, एकही अक्षर न गाळता. पोस्टमन ताटकळत उभा राहिला तरी तिला घाई नसे. “सही म्हंजे का कोंबडीनं उकरलेली माती हाय?” असं ती उलट त्यालाच ऐकवायची.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. वडील गेल्यावर ती नांदगाव खंडेश्वरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली आणि आईचा व माझा भार तिच्यावर आला. आम्ही बौद्ध झालो त्या साली तिने वस्तीतल्या बायांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला. “आता आपल्यातून कोनाचा आंगठा जानार नाही,” हे तिचं पालुपद. वर्षभरात बाया सही करू लागल्या. आमच्या आईचाच हात तेवढा वळेना. निंदणात झपाझप विळा चालवणारी आई पाटीवर ‘भ’ काढताना घामाघूम व्हायची. तिचं नाव भागीरथी. ताई म्हणायची, “तुह्या बापानं नाव तरी लहान ठेवाचं होतं वो माय.”

मी अमरावतीच्या कॉलेजात गेलो तेव्हा धर्म बदलल्यामुळे जुन्या शिष्यवृत्तीच्या कागदांत आम्ही बसेनासे झालो होतो. उरली होती ती कमी उत्पन्नवाल्यांची फीमाफी. अर्जावर पालकाची सही हवी होती. आईने अंगठा पुढे केला. ताईने शाईची गादी उचलून फळीवर ठेवली आणि पालक म्हणून स्वतःच सही केली. तिचा पगार मर्यादेच्या जेमतेम आत होता. फी माफ झाली आणि आम्ही खूश झालो.

दुसऱ्या वर्षी तिला मोठ्या बाईंची जागा देऊ केली गेली. पगार वाढला असता तर फीमाफी गेली असती, आणि वाढ होती फीपेक्षा कमी. ताईने ‘घरगुती अडचणीमुळे’ असं लिहून नकार दिला. ज्या नव्या मास्तरणीला तिने हजेरीपट लिहायला शिकवलं होतं ती मोठी बाई झाली, आणि ताई तिच्यासमोर रजेचा अर्ज घेऊन उभी राहू लागली. गावात बोभाटा झाला की गिरजाबाई जबाबदारीला भिते. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावची जागा आली, तीही तिने नाकारली. मी कॉलेज सोडतो म्हणालो तर म्हणाली, “तू सोडशीन त मी हे कावून करून राहिली?” तिला वर जाता येत नव्हतं आणि मला मागे फिरता येत नव्हतं. त्यानंतर तिला कोणी विचारलंच नाही.

बी.ए. होऊन मी अकोल्याच्या आयकर कचेरीत कारकून झालो. पोराच्या शिष्यवृत्तीवर कर लागतो का, असं कोणी विचारलं की ‘नाही’ सांगताना मला उगाचच थोर वाटायचं. एक दिवस पेन्शनीवरच्या कराचं विचारायला आमच्या कॉलेजचे निवृत्त बाबू आले. मला त्यांनी ओळखलं.

“तुह्या बहिनीले मी दुसऱ्याच वर्षी सांगतलं होतं,” ते म्हणाले. “बाई, आईले पालक करा. तिची मजुरीच धरतीन, तुमचा पगार कोनी पाहनार नाही. नुसता आईचा आंगठा पाह्यजे. फारम घेऊन गेली, वापस आनलाच नाही.”

मला ताईचा भयंकर राग आला. एका अंगठ्यापायी हिने सगळं घालवलं आणि ते ओझं जन्मभर माझ्या डोक्यावर ठेवलं. त्या शनिवारीच मी नांदगाव गाठलं. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ताई वह्या तपासत बसली होती. मी जे बोलायचं ते बोललो, नको तेही बोललो.

तिने शांतपणे पेटीतून तो अर्ज काढला. पालकाची जागा कोरीच होती. पाठीमागे मात्र आईचं अक्षर होतं. ‘भ’, ‘भा’, ‘भागी’, पुन्हा ‘भा’, ओळीमागून ओळी.

“शिकवून राहिली होती तिले,” ताई म्हणाली. “वस्तीतल्या बायायले सही शिकवली, अन् माह्याच मायचा आंगठा देऊ? दर साली वाटे, औंदा येईन तिले.”

अगदी तळाशी एकाच ओळीत, वाकडंतिकडं पण पुरतं, ‘भागीरथी सुखदेव तायडे’ लिहिलेलं होतं.

“हे कधी?”

“तू नोकरीले लागला त्या साली.” तिने कागद माझ्या हातातून घेतला, घडीवर घडी घातली आणि पेटीत ठेवला. “माय म्हने, आता भावाच्या कालेजात नेऊन दे. मी म्हटलं, हो, देतो.”