फाइलमधलं घर

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचं शत्रुघ्नचं घर समुद्रानं नेलं ते १९८४ च्या पावसाळ्यात. उधाणानं आधी ओटा खचला, मग भिंती. माणसं वाचली, पण त्याचे वडील काळूराम भाड्याच्या खोलीत काही रमले नाहीत. वर्षाच्या आत गेले.

शत्रुघ्न आयटीआयचा ड्राफ्ट्समन. अंधेरीच्या एका कंपनीत कागदी नकाशे कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या कामाला लागला. नकाशा टेबलावर चिकटवायचा, हातातलं यंत्र रेघेवर टेकवत बटण दाबत जायचं. दर ठिपक्याला फाइलमध्ये दोन आकडे पडायचे, एक आडवा, एक उभा. चित्र असं फाइलमध्ये नसायचंच. ठिपके क्रमानं जोडले की रेघ, आणि रेघ फिरून पहिल्या ठिपक्याला मिळाली की घर.

एक दिवस टेबलावर अर्नाळ्याचा नकाशा आला. जुन्या मोजणीचा, त्यात त्याचं घर होतं.

"मॅडम, हे घर आता नाहीये," तो वरिष्ठ रिटा मॅडमना म्हणाला.

"कागदावर आहे ना? मग घ्यायचं." मग हळूच, "तुझं होतं?"

त्यानं मान हलवली आणि कोपरे टिपले.

तपासणीसाठी काढलेली प्रत मॅडमनी त्याला घरी नेऊ दिली. आई कमळीला नकाशा कळेना. त्यानं तिचं बोट बारक्या चौकटीवर ठेवलं.

"दार कंच्या अंगाला?"

"यात दार नसतं, आये."

"पान्याकडं होतं," ती म्हणाली. "तुजा बापूस तितंच बसायचा."

पुढल्या वर्षी नव्या मोजणीचा नकाशा आला. किनाऱ्याची रेघ आत सरकली होती. पाण्यात गेलेली घरं फाइलमधून काढायची होती.

"दुसऱ्या कुणाला देते हे," रिटा मॅडम म्हणाल्या.

"नको. मीच काढतो."

त्यानं घराचा क्रमांक टाकला, आकडे पडद्यावर आले, त्यानं ते पुसले. फाइल नव्यानं लिहिली गेली. पुढच्या घराचे आकडे वर सरकले. मध्ये रिकामी ओळसुद्धा राहिली नाही. तो उठला आणि जिन्यात जाऊन बराच वेळ उभा राहिला.

घरी आला तेव्हा आई सुकत घातलेले बोंबील उतरवत होती. त्यानं सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"तूच काडलंस?"

"हो."

"बरं केलंस. परक्याचा हात नको लागायला."

तो चपला काढून तिच्याबरोबर बोंबील उतरवू लागला.