गोठ्याचं दार आणि डोंगराचा उतार

गहिनीनाथ हवालदाराला डोंगर चढायची कधीच भीती वाटली नाही. भीती वाटायची ती उतरायची. काश्मिरात गस्तीवर असताना पायाखालचा बर्फ सरकला, उजवा गुडघा गेला आणि गडी वेळेआधीच पेन्शन घेऊन पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी परतला. गुडघा तर केव्हाच बरा झाला होता. पण उतार लागला की पाय लटपटायचे. मग गवताचा भारा डोक्यावर घेतलेली मालनबाई थांबायची आणि नवऱ्याला हात द्यायची. बोलायची काही नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबायचं. एकदा तरी आपण न घाबरता खाली यावं, एवढीच त्याची इच्छा होती.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात मालनबाई पहिल्या एस.टी.नं बाजाराला गेली आणि हवालदारानं कधीपासून मनात घोळणारा बेत बाहेर काढला. पलटणीत तो पायात स्कीच्या लांब फळ्या बांधून बर्फावरून सरसर उतरायचा. इथं बर्फ नसला म्हणून काय झालं? राळेगणसिद्धीचं बघून या गावानंही डोंगरावर चराईबंदी केली होती. गुडघाभर गवत वाळून, आडवं पडून असं निसरडं झालं होतं की चप्पल टिकत नव्हती. त्यानं वासराला दावं लावलं, त्याच्या खोपटाचं दोन अरुंद फळ्यांचं दार उचकटलं, फळ्यांना खालून मेणबत्ती घासली आणि दोन खांद्यांवर दोन टाकून निघाला. मालनबाई यायच्या आत दार जागेवर बसवायचं होतं. सीमेवरसुद्धा त्यानं इतकी खबरदारी घेतली नसेल.

चढताना तो मजेत होता. ऊन कोवळं, वारा गार, आणि हसायला आसपास कुणी नाही. माथ्यावर बसून त्यानं भाकरी आणि ठेचा खाल्ला, तांब्याभर पाणी प्यायलं. मग दाराच्याच कडीनं दोन्ही फळ्या जोडल्या, त्यांवर सायकलची जुनी ट्यूब बांधून तिच्यात पाय अडकवले आणि खाली पाहिलं. उताराच्या मध्यापासून खाली पावसाचं पाणी अडवायला गावानं आडवे चर खोदले होते. त्यांच्या वर थांबायचं, एवढं ध्यानात ठेवून त्यानं डोळे मिटले आणि अंग पुढं झोकून दिलं.

गवत सळसळत मागं पळू लागलं. त्यानं डोळे उघडले. गुडघे आपोआप वाकले, खांदा वळला की फळी वळत होती! "आरं तिच्या मायला!" हवालदार एकटाच ओरडला आणि हसत सुटला. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पण एक गोष्ट तो साफ विसरला होता. गेल्या उन्हाळ्यात श्रमदान संपवून थकलेले लोक घरी निघाले, तेव्हा लष्करी आवाजात दरडावून चरांची आणखी एक ओळ वरच्या अंगाला यानंच खणून घेतली होती. आता ती गवतात दडली होती. फळी चरात घुसली, ट्यूब तुटली आणि हवालदार पलीकडच्या गवतात तोंडावर आपटला.

लागलं काहीच नाही. कडी मात्र निघाली होती. एक फळी चरातच रुतली आणि दुसरी एकटीच उतारावरून सुसाट निघाली.

"मालनचं दार!" म्हणत तो तिच्यामागं धावला. चरांवरून उड्या मारत, कुसळं अंगाला टोचून घेत तो थेट पायथ्याच्या बांधापर्यंत आला. फळी बांधाला अडली होती आणि तिच्याशेजारी बाजाराची पिशवी घेऊन मालनबाई उभी होती.

"दार आदी आलं, म्हटलं मालक कुटं ऱ्हायलं?"

"दुसरी फळी वर हाय," तो धापा टाकत म्हणाला. "आनतो आन् लगेच बशिवतो."

मालनबाईनं डोंगराकडं पाहिलं, मग त्याच्या गुडघ्याकडं. "अवो, पळत आलात तुमी! कुनाचा हात न धरता."

त्यानं मागं वळून उताराकडं पाहिलं. त्याला हे आत्ता कळत होतं. डोळे भरून आले, आणि ते लपवायलाही त्याला सुचलं नाही.

"चला, मी बी येते," पिशवी बांधावर ठेवत ती म्हणाली.

परतताना फळी त्याच्या खांद्यावर होती. उतार सुरू झाला तसा त्यानं दुसरा हात मालनबाईपुढं केला. तिला आधाराची गरज नव्हती. तरी तिनं तो धरला आणि पायथ्यापर्यंत सोडला नाही.