तांदूळ चाकांवर हवेत

कारमागे जोडून न्यायची जुनी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, घेतली त्या वर्षी मुलगी पंधराची झाली. आमच्याबरोबर सुट्टीला येणं आता बंद, असं तिने मार्चमध्येच सांगून टाकलं होतं. बायकोने घासाघीस करून एक तह केला: नेदरलँड्सच्या उत्तरेला ड्रेन्थमधल्या एका शेतावरच्या कॅम्पिंगला आठवडाभर यायचं. लाज वाटण्यासारखं काही घडलं नाही, तर पुढच्या वर्षीचा विचार होईल. घडलं, तर जवळच्या स्टेशनवरून ती घरी आइंडहोव्हनला परत आणि यापुढच्या सुट्ट्या आमच्या आम्ही. लाज किती वाटली हे अर्थात तीच ठरवणार होती.

मी तयारीला लागलो. मी चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामातला माणूस. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक शोधण्याचा मला पगार मिळतो. तीन महिने कॅरव्हॅनचे व्हिडिओ पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: जड सामान खाली, चाकांच्या वर ठेवायचं. मागे ठेवलं की शेपूट बसते, नाक उचललं जातं आणि सगळं डोलायला लागतं. निघायच्या आदल्या दिवशी सगळं तसं भरलं आणि बाथरूममधला वजनकाटा आणून मी कॅरव्हॅनच्या नाकाखाली, कारला जोडायच्या टोकाखाली, लावला. सत्तर किलो, हवं तेवढंच. स्प्रेडशीटमध्ये आकडा टाकला, हिरवा रंग दिला आणि जेवताना सगळ्यांना सांगितला.

तेव्हा माझी आई पुण्याहून आलेली होती. चार माणसं आणि एक आठवडा, म्हणून आम्ही दहा किलो तांदूळ, तेवढीच कणीक, डाळी, दोन कुकर, मिक्सर, लोणच्याच्या बरण्या आणि ‘लागलाच तर’ म्हणून खलबत्ता घेतला होता. कॅम्पिंगपासून सुपरमार्केट दहा मिनिटांवर आहे, हे मुलीने फोनवर दाखवलं होतं. पण सुपरमार्केटच्या भरवशावर घराबाहेर पडणं आमच्या घराण्यात अजून कोणाला जमलेलं नाही.

हायवेवर नव्वदच्या आत होतो, तरी मागे डोलत होतं. मी वाऱ्याला दोष दिला. या देशात ती सोय बारमाही आहे. मागच्या सीटवर आजीशेजारी मुलगी हेडफोन घालून बसली होती.

डांबरी रस्त्यानेच या, असं कॅम्पिंगच्या मालकिणीने मेलमध्ये लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण नेव्हिगेशनने सहा मिनिटं वाचवणारा रस्ता दाखवला, आणि मला मोह आवरला नाही. पहिल्या वळणानंतर तो वाळूचा झाला. एकीकडे बटाट्याचं शेत, दुसरीकडे झाडी, मध्ये ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन चाकोऱ्या. वळायला जागा नाही, आणि कॅरव्हॅन उलटी नेणं फक्त व्हिडिओत सोपं असतं. प्रत्येक खड्ड्यात मागून भांडी वाजत होती. एका मोठ्या खड्ड्यातून चाकं वर चढली, पण शेपूट तळाला टेकली आणि वाळूत रुतली. गाडी थांबली.

मी उतरलो, वाकून पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. इंजिनिअर बहुधा इथूनच सुरुवात करतात. तेवढ्यात सायकलींवरून एक वयस्क डच जोडपं आलं. बाजूने जायला जागा होती, पण ते थांबले. या रस्त्याने कॅरव्हॅन नेत नाहीत, असं आजोबांनी मला शांतपणे सांगितलं. मुलगी उतरली, त्या दोघांकडे पाहिलं आणि स्टेशन किती लांब आहे, असं डचमध्ये तिच्या आईला विचारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. वजन अगदी बरोबर होतं, हे मी त्या जोडप्याला फोनमधली स्प्रेडशीट उघडून दाखवायला लागलो.

“ते मी हलवलंय,” आई म्हणाली.

चाकांवरचा कप्पा संडासाला लागून होता आणि त्यावर आमचे बूट. सकाळी मी कार धूत असताना तिने सगळं धान्य तिथून काढून अगदी मागच्या पलंगाखाली नेलं होतं.

“अन्न तिथे ठेवतात का रे?”

मी फोन खिशात घातला. मुलीने हेडफोन काढले.

“आजी, एवढं सगळं तू एकटीने?” मराठीत. एरवी तिच्याकडून मराठी मिळते ती ‘हो’ आणि ‘नको’ एवढीच.

“तू झोपली होतीस. उठवायचं कशाला?”

ती आत गेली. बूट काढून कारमध्ये टाकले, स्वतःची धुतलेली चादर दुहेरी करून त्या कप्प्यात अंथरली आणि विचारलं, “आता चालेल?”

आईने डोकं आत घालून पाहिलं. “चालेल. लोणचं मात्र माझ्या पायाशी.”

मग सामान मागून पुढे आलं. एक कुकर डच आजींच्या हातातून गेला. घर बदलताय का, असं आजोबांनी विचारलं. नाही, एक आठवड्यासाठी चाललोय, असं मुलीने सांगितलं आणि दोघंही हसली. लाजेच्या खात्यात हे धरायचं की नाही, ते मी विचारलं नाही. शेपूट दोन बोटं वर आली. मी गाडी सुरू केली, बाकीच्यांनी ढकललं, आणि कॅरव्हॅन निघाली.

उरलेला वाळूचा रस्ता आम्ही चालण्याच्या वेगाने काढला.

“पुढच्या वर्षी,” मागून मुलगी म्हणाली, “वजन मी करणार. निघायच्या आधी, आजी उठल्यानंतर.”

मागचं दिसावं म्हणून गाडीला दोन जादा आरसे लावलेले होते. आमचं हसू तिला दिसू नये म्हणून बायको आणि मी, दोघांनीही त्यांत पाहिलं नाही.